शिल्लक लिहिताय, पण आवक कुठेय?

पत्र: ताई, नमस्कार. दरवर्षी ३१ डिसेंबरला मी एक काम न चुकता करतो, माझ्याकडे एकूण डेटा किती झाला ते एक्सेलमध्ये लिहून ठेवतो. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, फोन आणि क्लाउड, चारही ठिकाणचे आकडे घ्यायचे, बेरीज करायची, एक ओळ लिहायची, झालं. २०१२ संपताना ६० जीबी होते. २०१६ ला २१०, २०२० ला ७८० आणि २०२४ ला २४००. म्हणजे १२ वर्षांत ४० पट! याच वेगाने गेलं तर २०३६ ला ९६ टीबी होतात, एवढं मी ठेवणार कुठे? मधेच २०१९ मध्ये एका वर्षात २६० जीबी वाढलेत, का ते आता आठवत नाही. शिवाय २ टीबीची डिस्क घेतली तर लॅपटॉप १.८१ च दाखवतो, हे काय फसवणं आहे का? बायको म्हणते मोजत बसण्यापेक्षा अर्धं उडवून टाक. माझी मोजणी बरोबर आहे का, आणि मुळात या मोजण्याला काही अर्थ आहे का ते सांगा. पूर्ण शीट सोबत जोडलीय. - एक हिशेबी माणूस

उत्तर: हिशेबी भाऊ, नमस्कार.

शीट मिळाली. तेराच्या तेरा ओळी दोनदा वाचल्या, आणि आधी एवढंच सांगते की ९६ टीबी वगैरे काही होत नाहीये, ती काळजी सोडा. तुम्ही काय केलंय, पहिली ओळ आणि शेवटची ओळ घेऊन सरळ पट काढलात आणि तोच पट पुढच्या १२ वर्षांना लावून टाकलात. मधल्या ओळींकडे बघितलंच नाही, आणि गंमत सगळी तिथेच आहे. तुमच्याच शीटमधून वाचते: २०२० ला ७८०, मग ११५०, मग १५६०, मग १९९०, मग २४००. आता यांचे पट काढू नका, नुसती वजाबाकी करा. ३७०, ४१०, ४३०, ४१०. दिसलं का? गेली चार वर्षं तुमच्याकडे दरसाल जवळपास तेवढाच माल येतोय. सरासरी काढली तर १२ वर्षांत दरसाल ३६ टक्के वाढ दिसते हे खरं, पण शेवटच्या वर्षाची वाढ जेमतेम २०.६ टक्के आहे, आणि पुढच्या वर्षी परत ४१० च आले तर ती १७ वर येईल. तुम्ही चक्रवाढ लावून घाबरलात आणि तुमचा डेटा चाललाय सरळव्याजाने. वर्षाला ४२० धरले तरी २०३६ ला ७.४ टीबीच्या आसपास होतात. ९६ कुठे आणि ७.४ कुठे!

आता हा ७.४ पण मी स्टॅम्पपेपरवर लिहून देणार नाही, कारण डेटा असा सरळ रेषेत कायम वाढत नाही, तो पायऱ्या चढतो. नवीन फोन आला, त्यात कॅमेरा बदलला, व्हिडिओचं सेटिंग कोणीतरी 'बेस्ट' वर ठेवलं, की एक पायरी. मग तीन चार वर्षं सपाट. मग परत पायरी. तुमच्या शीटमध्ये २०१७ आणि २०१८ ला ८० आणि ९० ची आवक होती आणि २०२१ पासून ती ४०० च्या घरात आहे, ही एक धडधडीत पायरी आहे, आणि तिथे नेमकं काय बदललं ते तुमच्या शीटमध्ये लिहिलेलंच नाही. कारण तुमच्या शीटला कॉलमच दोन, साल आणि बेरीज.

म्हणजे तुम्ही कीर्द ठेवलीच नाही, नुसती अखेरची शिल्लक लिहित आलात. एखाद्या दुकानदाराने वर्षाच्या शेवटी गल्ला मोजून आकडा भिंतीवर लिहावा आणि किती आले किती गेले ते विचारलं की डोकं खाजवावं, तसं झालंय. २०२३ ला ४३० वाढले म्हणजे ४३० आले असं नाही ना, ६०० येऊन १७० उडवले असतील, किंवा काहीच उडवलं नसेल, दोन्हीत शिल्लक तीच दिसणार. पण या दोन माणसांच्या सवयी वेगळ्या आणि पुढची दहा वर्षंही वेगळी. म्हणून आजपासून तीन आकडे लिहायचे, आवक, जावक, शिल्लक. जावक मोजणं सोपं आहे, साफसफाईला बसण्याआधी एक आकडा आणि उठताना एक आकडा, फरक म्हणजे जावक. आवक मग आपोआप निघते. फक्त एक, उठताना कचरापेटी रिकामी केलीय ना ते बघा. आयफोनच्या फोटोंमध्ये उडवलेलं ३० दिवस पडून असतं, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेलं ६० दिवस, आणि तेवढे दिवस ते जागा खातच राहतं, मग माणूस म्हणतो एवढं उडवलं तरी आकडा हलला कसा नाही.

आता मोजणीतली खरी चूक, आणि ही मोठी आहे. चार ठिकाणांची बेरीज करता तुम्ही. पण अहो, फोनमधला फोटो क्लाउडवर जातो, तोच लॅपटॉपवर उतरतो, तोच वर्षअखेरीला डिस्कवर जातो, म्हणजे एकच फोटो तुमच्या बेरजेत चारदा आला. हे म्हणजे घरातल्या प्रत्येक आरशात दिसणारी माणसं मोजून घरात वीस जण राहतात म्हणण्यासारखं आहे. मूळ प्रत कुठली ते एकदा ठरवा, बहुतेकांच्या बाबतीत बाहेरची डिस्क किंवा लॅपटॉपवरचा एक मोठा फोल्डर असतो, आणि शिल्लक फक्त तिथली धरा. बाकी ठिकाणचे आकडे लिहू नका असं नाही म्हणत, पण ते 'प्रती' नावाच्या वेगळ्या कॉलमात, बेरजेत नाही. म्हणजे वर मी जे ४१० ४१० करत बसले तो आकडाही फुगलेलाच आहे, खरी आवक त्याहून कमी निघेल, किती ते तुम्ही मोजल्यावर कळेल.

फोनचा आकडा तर शिल्लक म्हणून कधीच घेऊ नका. 'स्टोरेज ऑप्टिमाइझ करा' वालं सेटिंग चालू असेल तर फोनमध्ये बऱ्याच फोटोंची नुसती छोटी प्रत असते, मूळ फोटो क्लाउडवर, त्यामुळे फोन म्हणेल ४० जीबी आणि प्रत्यक्षात फोटो ३०० जीबीचे असतील. लॅपटॉपवर पण क्लाउडचे फोल्डर असेच फसवतात, फाइल दिसते, साइझ दिसतो, पण ती डिस्कवर उतरलेलीच नसते. प्रॉपर्टीजमध्ये दोन आकडे असतात बघा, साइझ आणि साइझ ऑन डिस्क, ते एकमेकांपासून फार लांब असतील तर समजायचं इथे काहीतरी वेगळं चाललंय. आणि क्लाउडचा कोट्याचा आकडा तर फारच बेभरवशाचा, कारण तो तुमचा डेटा मोजत नाही, हिशेबात धरलेला डेटा मोजतो. गूगलचं उदाहरण घ्या, १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी' मध्ये, म्हणजे थोडे दाबून, चढवलेले फोटो गूगलच्या फुकट १५ जीबीच्या कोट्यात धरलेलेच नाहीत, त्यानंतरचे धरलेत. म्हणजे तुमच्या शीटमधल्या २०२१ च्या पायरीतला थोडा भाग कदाचित फक्त त्या एका नियमाचा असेल, तुम्ही तेव्हा एकही जास्तीचा फोटो काढला नसेल तरीही!

ते १.८१ चं पटकन सांगते, फसवणूक नाहीये. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्य इतक्या बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही पुढे 'टीबी' च लिहितं, म्हणून २ टीबी भागून १.८१ येतात. या १०२४ वाल्यांना वेगळी नावं १९९८ सालीच दिली गेलीत, गिबीबाइट, टेबीबाइट, पण घरात कोण म्हणतंय तसं. मॅकने २००९ पासून १००० ने मोजायला सुरुवात केली. म्हणजे तेच फोल्डर विंडोजवर आणि मॅकवर मोजलंत तर जीबीत ७ टक्के आणि टीबीत जवळपास १० टक्के फरक येणार, काही न करता. मधे कधी मशीन बदललं असेल तर शीटमध्ये तेवढी खोटी उडी असू शकते. सरळ उपाय, प्रॉपर्टीजमध्ये कंसात पूर्ण बाइटचा लांबलचक आकडा दिलेला असतो तोच कॉपी करून ठेवा, भागाकार नंतर तुमचा तुम्ही करा.

आणि आता २०१९. मी काही ज्योतिषी नाही पण पैज लावते की त्या वर्षी तुम्ही लॅपटॉप किंवा डिस्क बदलली, आणि जुन्यातलं सगळं उचलून नव्यात एका फोल्डरमध्ये टाकलं, नाव काहीतरी 'जुना लॅपटॉप सगळं', आणि ठरवलं की सवडीने बघू. सगळे हेच करतात. त्या 'सगळं' मधलं निम्मं आधीच नव्या डिस्कवर असतं. हे डोळ्यांनी शोधत बसू नका, वेड लागेल. च्काव्का किंवा डुपगुरू अशी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, ती प्रत्येक फाइलचा गणिती ठसा काढतात, दोन फाइलींचा ठसा जुळला म्हणजे आतली बाइटन् बाइट सारखी, नाव काहीही असो. फक्त लक्षात ठेवा, मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे दिसायला तोच असला तरी त्याचा ठसा जुळत नाही, त्यासाठी 'सारखे दिसणारे फोटो' चा वेगळा शोध असतो आणि तिथे मात्र प्रत्येक जोडी बघून मगच उडवायची, नाहीतर मोठा मूळ फोटो जाऊन छोटा राहतो. माझं झालंय हे, एका अख्ख्या सहलीचं.

आता मुद्द्याचं बोलू. जीबी ही तुमच्या आयुष्याची मोजणी नाहीये, ती तुमच्या कॅमेऱ्याची मोजणी आहे. मी माझंच सांगते. मीही अशी शीट ठेवायचे आणि मलाही वाटायचं की मी दिवसेंदिवस जास्त फोटो काढतेय, सारखा फोन बाहेर असतो माझा. मग एकदा बसून जीबीच्या शेजारी नग मोजले. २०१४ मध्ये ३१०० फोटो, ७ जीबी. २०२३ मध्ये ३४०० फोटो, १३ जीबी. म्हणजे माणूस तोच, हात तोच, फोटो जड झाले इतकंच. आणि व्हिडिओ? २०१४ ला ९०, सगळे मिळून ६ जीबी. २०२३ ला २१०, ६१ जीबी. म्हणजे माझी जी काही 'डेटा वाढला' म्हणून बोंबाबोंब चालली होती ती जवळपास सगळी २१० फाइलींची होती!

व्हिडिओ काय चीज आहे ते एकदा आकड्यात बघाच. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दाबलेल्या नव्या फॉरमॅटमध्ये एका मिनिटाला साधा एचडी ३० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांचा, साधारण ६० एमबी, ४के ३० फ्रेमचा १७०, ४के ६० फ्रेमचा ४००. एका टिचकीत सहापट फरक, आणि ती टिचकी आपण कधी मारली ते आपल्याला आठवत नाही. माझ्या डिस्कवर मला सापडलेली सगळ्यात मोठी घरगुती फाइल कुठली होती माहितीये? २२ मिनिटांचा व्हिडिओ, पूर्ण काळा. फोन रेकॉर्डिंग चालू राहून पिशवीत गेला होता. मिट्ट काळोख, पावलांचे आवाज, किल्ल्यांचा खुळखुळाट, आणि १६ व्या मिनिटाला मी कोणालातरी "हो हो आलेच" म्हणते. पावणेचार जीबी. तो मी पाच वर्षं दोन डिस्कवर आणि एका क्लाउडवर जपून ठेवला होता.

याच्या उलट टोक बघा. मराठीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट लागतात, इंग्रजीच्या तिप्पट, काना मात्रा वेलांटी सगळ्याचे वेगळे तीन तीन. तरीही रोज २५० शब्दांची डायरी वर्षभर लिहिलीत तर होतात किती? साधारण दीड ते पावणेदोन एमबी. जुन्या साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे, त्याहून जरासंच जास्त. आणि ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ सेकंदाला साडेसहा एमबी खातो. म्हणजे वर्षभराची डायरी म्हणजे पाव सेकंद. तुमच्या शीटवर ती डायरी कधी दिसणारच नाही, आणि तो काळा व्हिडिओ मात्र डोंगरासारखा दिसेल.

जाता जाता एक सांगण्यासारखं आहे. व्हॅनिव्हर बुश नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४५ साली एका लेखात असं एक टेबल कल्पून मांडलं होतं की ज्यात माणसाची सगळी पुस्तकं, कागद, पत्रं मायक्रोफिल्मवर राहतील, त्याला त्याने मेमेक्स म्हटलं. जागा पुरेल का या शंकेवर त्याचं उत्तर असं की रोज ५००० पानं टाकली तरी ते भरायला शेकडो वर्षं लागतील. ५००० पानं म्हणजे केवढी वाटतात ना? पानाला २००० अक्षरं धरली तर १० एमबी. माझे तीन फोटोसुद्धा त्यात मावत नाहीत. बिचाऱ्याचं गणित चुकलं नव्हतं, लोक पानं सोडून पिशवीच्या आतलं शूटिंग साठवतील हे त्याच्या डोक्यात येणार कसं.

तर कॉलम कुठले ठेवायचे. तारीख. मूळ प्रतीच्या एकूण बाइट. एकूण फाइली किती, म्हणजे नग. मग फोटोंचे नग आणि जीबी, व्हिडिओंचे नग आणि जीबी, आणि बाकी सगळं मिळून एक. मेल वेगळी धरायची तर धरा, पण बहुतेकांची मेल चिल्लर असते. १ एप्रिल २००४ ला जीमेलने १ जीबी फुकट जाहीर केली तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं आणि अजूनही कित्येकांची फक्त मेल मोजली तर काही जीबींच्या पुढे जात नाही. मग जावक, प्रती, आणि शेवटचा कॉलम शेरा. हा शेरा सगळ्यात महत्त्वाचा आहे हो, बाकी एक वेळ विसरलात तरी चालेल. "नवीन फोन." "जुनी डिस्क ओतली." "व्हिडिओचं सेटिंग बदललं." "मशीन बदललं." चार शब्द पुरतात. २०१९ च्या ओळीपुढे हे चार शब्द असते तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

किती दिवसांनी? वर्षाला एकदा हे फार विरळ झालं, वर्षभरात काय झालं ते आठवत नाही. रोज लिहिणं म्हणजे वजनकाट्यावर दिवसातून चारदा चढण्यासारखं. तीन महिन्यांनी एकदा, अर्धा तास. नेहमी त्याच मशीनवर, त्याच सॉफ्टवेअरने. विंडोजवर विनडिरस्टॅट किंवा विझट्री, मॅकवर ग्रँडपर्स्पेक्टिव्ह, आणि टर्मिनलची भीती नसेल तर मॅक आणि लिनक्सवर डीयू नावाची दोन अक्षरी कमांड. ती पहिली तिन्ही तुम्हाला रंगीत चौकोन दाखवतील, मोठी फाइल मोठा चौकोन. ही चौकोनांची युक्ती निघालीच मुळी डिस्क भरल्यामुळे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांच्या लॅबमध्ये १४ जणांत मिळून एकच ८० एमबीची डिस्क होती आणि ती सारखी भरायची, कोणी काय अडवून ठेवलंय ते एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी ही ट्रीमॅप काढली. ८० एमबीसाठी! तुम्ही पहिल्यांदा उघडाल तेव्हा एकदम एक दोन भलेमोठे चौकोन दिसतील आणि ते काय आहेत ते तुम्हाला माहीतच नसेल, ही माझी दुसरी पैज.

मागची वर्षं वाया गेली असं समजू नका, त्यांची आवक अजून काढता येते. फक्त फाइलच्या तारखेवर जाऊ नका, कॉपी करताना ती बदलू शकते आणि मग २०१३ चे फोटो २०१९ चे होऊन बसतात. फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख असते, तिला एक्झिफ म्हणतात, ती घ्यायची. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन हजारो फोटोंच्या तारखा एका यादीत काढून देतं, ती एक्सेलमध्ये टाका, सालाप्रमाणे मोजा, झाली तुमची १२ वर्षांची आवक. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या पोटात ती तारीख नसते, पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावातच असते, आधी आयएमजी मग साल महिना दिवस आणि मग डब्ल्यूए, फक्त ती फोटो काढल्याची नाही, तुमच्याकडे आल्याची. आपल्याला आवकच मोजायचीय त्यामुळे चालतंय. एक मर्यादा मात्र आहे, उडवलेलं यात दिसणार नाही. उरलेल्यांचीच ही मोजणी.

बायकोचं म्हणणं. अर्धं बरोबर आहे त्यांचं. उडवा, पण कुठलं अर्धं ते बघून उडवा. लोक साफसफाईला बसले की पहिले फोटो उघडतात, आणि फोटोंमध्ये माणूस अडकतो, हा ठेवू की तो ठेवू, याच्यात डोळे मिटलेत, त्याच्यात हसणं बरं आलंय, अख्खी दुपार जाते, ५०० फोटो उडवून जेमतेम दोन जीबी सुटतात आणि वरून भांडण होतं ते वेगळंच. आधी व्हिडिओ साइझप्रमाणे लावा आणि वरचे ५० बघा. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज मॅनेज करायला जागा आहे, तिथे ५ एमबीहून मोठं आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं असं वेगळं काढून दाखवतं, ते डोळे झाकून नाही पण अर्धे डोळे उघडे ठेवून उडवलं तरी चालतं. मग दुबार. यात तुमचं काम झालं, फोटोंना हात लावायची गरजच पडणार नाही बहुतेक. जे राहील त्याच्या मात्र तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर, यात कंजुषी नको. म्हणजे जागेचा अंदाज करताना मूळ शिल्लक गुणिले प्रती असा करा, आत्ता करताय तसा उलटा नको.

आणि शेवटचं, अर्थ आहे का. जागेसाठी मोजत असाल तर फारसा नाही, कारण डिस्क भरली की ती स्वतःच ओरडून सांगते. पण नग मोजाल तर आहे. स्टीफन वुल्फ्रॅम म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८९ पासूनच्या आपल्या सगळ्या ईमेलचे आलेख २०१२ साली प्रसिद्ध केले, आणि त्यांनीही एमबी नाही मोजले, रोज किती मेल पाठवल्या आणि दिवसाच्या कुठल्या वेळी पाठवल्या ते मोजलं, त्यातून झोपायच्या वेळा कशा सरकत गेल्या तेसुद्धा दिसतं. माझ्या शीटमध्ये एक वर्ष असं आहे की फोटो ३००० वरून एकदम ९०० वर आलेत. जीबीमध्ये ते वर्ष दिसतच नाही, कारण त्याच वर्षी नवीन फोन घेतला होता आणि फोटो जड झाले होते, बेरीज आपली नेहमीसारखी वरच. नगांमध्ये मात्र खड्डा आहे. आई आजारी होती ते वर्ष. त्या ९०० मधले निम्मे रिपोर्टचे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो आहेत, आणि ते मी ठरवूनही उडवलेले नाहीत. शेऱ्याच्या कॉलमात तेव्हा मी फक्त "नवीन फोन" लिहिलं होतं, पुढचं नंतर भरलं.

बायकोलाही शीट दाखवा एकदा, नवीन कॉलमवाली. ती जुनी, साल आणि बेरीजवाली, मीही उडवली असती.

आणि २०१९ च्या त्या फोल्डरात काय निघतं ते मात्र कळवा. 'जुना लॅपटॉप सगळं' उघडल्यावर आत अजून एक 'जुना लॅपटॉप सगळं' निघाला तर दचकू नका, माझ्यात एकात एक तीन निघाले होते, आणि सगळ्यात आतल्यात एक रिकामा फोल्डर होता, नाव 'सवडीने'.